पंक वाजवणाऱ्यांनी कंट्रीकडे कसं वळायचं: उजव्या हातापासून सुरुवात करा

पंक बँडमध्ये काही वर्षं काढलेल्या बऱ्याच जणांना कधीतरी जुनी कंट्री गाणी आवडायला लागतात, हँक विल्यम्स, कार्टर फॅमिली, जॉनी कॅश वगैरे, आणि मग वाटतं की आपणही असं काहीतरी करावं. करावंच. पण होतं काय, की डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं) बंद करायचं, अकूस्टिक गिटार गळ्यात अडकवायची आणि तीच जुनी गाणी हळू वाजवायची एवढंच केलं जातं, आणि ते धड पंकही राहत नाही आणि कंट्रीही होत नाही. खरं काम दोनच ठिकाणी आहे, उजव्या हातात आणि शब्दांत. तिथे मेहनत घेतली की बाकीची वाद्यं, कपडे, या मिश्रणाला अमेरिकाना म्हणायचं की अल्ट-कंट्री हे सगळं नंतर बघता येतं.

सगळ्यात आधी ज्यांनी हे केलंय त्यांना ऐका, आणि नुसतं ऐकू नका, त्यांनी काय ठेवलं नि काय सोडलं ते बघा. चिप आणि टोनी किनमन हे दोघे भाऊ कॅलिफोर्नियातल्या द डिल्स या पंक बँडमधले, आलेहान्द्रो एस्कोवेदो द नन्समधला, आणि हे नन्स म्हणजे जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडला सेक्स पिस्टल्सचा फुटण्याआधीचा शेवटचा शो झाला त्याच्या सुरुवातीला वाजवणारे. या तिघांनी पुढे रँक अँड फाइल काढला आणि १९८२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये गिटारचा सूर स्वच्छ आहे, दोन भावांचं गाणं एकमेकांत मिसळलेलं आहे, पण गाण्यांची लांबी आणि घट्टपणा अजून पंकचाच आहे. लॉस एंजेलिसच्या एक्स या बँडच्या लोकांनी डेव्ह अल्विनला बरोबर घेऊन द निटर्स केला, त्यांचा अल्बम १९८५ चा. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेकॉन्सनी 'फिअर अँड व्हिस्की' काढला, खाणकामगारांच्या मोठ्या संपाचा तो काळ, बँड संपाच्या मदतीसाठी वाजवत होता, आणि त्या वातावरणात फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि होंकी-टोंक, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत वाजणारं कंट्री, त्यांच्या गाण्यात आलं. मला हा अल्बम या सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण टेक्सास किंवा टेनेसीचं असल्याचं नाटक त्यात कुठेच नाही, लीड्समधली हरलेली माणसं आपलीच गोष्ट कंट्रीच्या चालीत सांगतायत.

मग अर्थातच अंकल टुपेलो. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावची पोरं, जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न, मिनटमेनसारख्या पंक बँडवर जीव असलेली, इतका की मिनटमेनच्या डी. बून वर त्यांनी गाणंच लिहिलंय. त्यांचा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन' १९९० चा, आणि ते शीर्षकगीत कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये, महामंदीच्या काळात रेकॉर्ड केलेलं. यांचं वैशिष्ट्य म्हणजे एकाच गाण्यात गिटार अचानक थांबते, शांत कडवं येतं, परत धाडकन सगळं सुरू होतं, म्हणजे पंक आणि कंट्री त्यांनी आळीपाळीने समोरासमोर ठेवलं. १९९४ मध्ये बँड फुटला, त्यातून सन व्होल्ट आणि विल्को निघाले, आणि १९९५ मध्ये या प्रकारच्या संगीतावर जे मासिक निघालं त्याने नावही त्याच अल्बमचं घेतलं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काही आठवडे स्वतःची गाणी लिहूच नका, जुनी गाणी शिका. १९२७ मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने अमेरिकेतल्या टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावात जी रेकॉर्डिंग केली, जिथे कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स पहिल्यांदा रेकॉर्ड झाले, तिथून सुरू करा आणि हँक विल्यम्सपर्यंत या. अंकल टुपेलोने मार्च १९९२ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्सला पाच दिवसांत जो अकूस्टिक अल्बम केला, आरईएमचा पीटर बक निर्माता होता, त्यात स्वतःच्या गाण्यांबरोबर पारंपरिक गाणी मुद्दाम घेतली आहेत, खाणीतल्या मजुरांची वगैरे. शिकताना गाणं कुणाकडून आलं तेही शोधा हं, कारण या परंपरेत बऱ्याच लोकांची नावं गाळली गेलीयत. कार्टर फॅमिलीतला ए. पी. कार्टर गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा, चाली तो लक्षात ठेवायचा, आणि त्याच फॅमिलीतल्या मेबेल कार्टरच्या गिटारवरही त्याचा प्रभाव आहे. बँजोचं मूळ तर थेट पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपर्यंत जातं. पंकवाल्यांना न्यायाची चाड असते असं आपण म्हणतो ना, मग स्टेजवरून ही नावं घ्या.

उजवा हात. पंकमध्ये हात सतत खालीच मारतो, एकसारखे डाउनस्ट्रोक, सगळ्या तारा एकदम, जोर सगळीकडे सारखा. कंट्रीत एकच हात बेसवाल्याचं आणि ताल धरणाऱ्याचं अशी दोन कामं करतो. जी कॉर्ड धरा, पहिल्या मात्रेला फक्त सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, दुसऱ्या मात्रेला वरच्या बारीक तारांवर हलकं स्ट्रम, तिसऱ्याला चौथी तार मोकळी, चौथ्याला परत स्ट्रम. सी ला पाचवी तार तिसरा फ्रेट आणि मग चौथी तार दुसरा फ्रेट, डी ला चौथी मोकळी आणि मग पाचवी मोकळी. एवढंच, पण हे मेट्रोनोमवर मिनिटाला ८० मात्रांना लावून वाजवून बघा, ज्याचा हात १८० ला आरामात चालतो त्यालासुद्धा सुरुवातीला जड जातं, कारण मधली मोकळी जागा भरून टाकायची सवय लागलेली असते आणि इथे ती जागा तशीच सोडायची आहे. हे बसलं की बेस वॉक घ्या, जी वरून सी ला जाताना सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, पाचवी मोकळी, पाचवीचा दुसरा फ्रेट, पाचवीचा तिसरा फ्रेट, आणि नेमकं पहिल्या मात्रेवर सी येऊन पडायला हवं. यानंतर मेबेल कार्टरची पद्धत शिका, अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चालच वाजवायची आणि बोटाने वर ताल धरायचा. एकटा माणूस स्टेजवर उभा राहून पूर्ण गाणं पेलू शकतो तो या हातामुळे, म्हणून मी यावर एवढा अडून बसलोय.

डाव्या हाताचं थोडक्यात. पॉवर कॉर्डमध्ये फक्त मूळ स्वर आणि पंचम असतो, गंधार नसतो, त्यामुळे ती मेजरही नसते आणि मायनरही नसते, आणि डिस्टॉर्शनमध्ये तेच बरं वाटतं कारण गंधार घातला की आवाज चिखल होतो. कंट्रीत सगळा भाव त्या गंधारात आहे. म्हणून ओपन कॉर्ड (मोकळ्या तारा असलेले), कॅपो (मानेवर लावून सूर वर नेणारा चिमटा), आणि सी किंवा डी वाजवताना एखादं बोट उचलून परत ठेवायचं, लगेच गाण्याचा चेहरा बदलतो. आणि आकड्यांची पद्धत शिकून घ्या, नॅशव्हिलच्या स्टुडिओत १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजने सुरू केलेली, कॉर्डची नावं न लिहिता १, ४, ५ असे आकडे लिहायचे, जी मध्ये असाल तर जी, सी, डी आणि गायकाने ए मागितला तर ए, डी, ई, कागद तोच राहतो.

ड्रमरला घाबरवू नका, त्याच्या हाताचा वेग इथे खूप कामाला येतो. ट्रेन बीट म्हणजे स्नेअरवर न थांबता चालणारे ब्रश, त्यात ऑफबीटवर जोर, खाली किक सरळ. वेगवान हार्डकोर पंक वाजवलेला माणूस हे लवकर पकडतो, फक्त आवाज एकदम खाली आणायचा आणि तिथेच टिकवायचा, क्रॅश सिंबलला काही दिवस हातच लावायचा नाही. तीन मात्रांचा वॉल्ट्झ मात्र सगळ्या बँडने बसून शिकायला लागेल, पंकमध्ये तो जवळजवळ येतच नाही आणि इथे दर चार-पाच गाण्यांमागे एक येतो.

इलेक्ट्रिक गिटार विकायची काही गरज नाही. टेलिकॅस्टर गिटार असेल तर ब्रिज पिकअप, ॲम्प स्वच्छ, थोडं कॉम्प्रेशन आणि साधारण १०० मिलिसेकंदांचा एकच इको, बास. पेडल स्टील (आडवी ठेवून धातूच्या तुकड्याने वाजवायची गिटार) सगळ्यांना हवं असतं पण दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याने हलवायचे लिव्हर आणि वर व्हॉल्यूम पेडल, त्याला वर्षं लागतात. वाजवणारा माणूस शोधा, किंवा तोपर्यंत लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची, पेडल नसलेली) नाहीतर साधी स्लाइड घ्या, आणि त्याला सांगा की गायक गात असताना गप्प राहायचं, ओळ संपली की उत्तर द्यायचं.

शब्दांकडे येऊ, इथेच बहुतेक जण अडकतात. पंकचं गाणं बऱ्याचदा 'आम्ही' आणि 'तुम्ही' वर चालतं, घोषणा असते, ती ओरडून म्हटली की गर्दी बरोबर म्हणते. या गाण्यात गर्दी म्हणत नाही, ऐकते, आणि प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो, मग 'सिस्टिम सडलेली आहे' ही ओळ फार पोकळ वाटते. त्याऐवजी एक माणूस घ्या, त्याला काम द्या, रात्रपाळी असेल तर रात्रपाळी, त्याच्या हातात एक वस्तू द्या आणि काहीतरी घडू द्या. राजकारण सोडायचं नाहीये अजिबात, वुडी गथ्रीने गिटारवर फॅसिस्टांना मारणारं यंत्र असं लिहून ठेवलं होतं, आणि खाणकामगारांची, दुष्काळाची, कर्जाची गाणी या परंपरेत ढिगाने आहेत, फक्त तिथे राग माणसाच्या गोष्टीतून येतो. एक सराव सांगतो, तुमची जुनी घोषणेची ओळ घ्या आणि ती ओळ न वापरता तीन कडव्यांत अशी गोष्ट लिहा की ऐकणाऱ्याला ती आपोआप सुचेल. धृवपद साधं ठेवा, आणि शेवटच्या कडव्यानंतर तेच धृवपद आलं की त्याचा अर्थ थोडा बदललेला वाटला पाहिजे. जुन्या लोकांचं हे फार मोठं कसब आहे.

गळ्याबद्दल एवढंच की खोटा दाक्षिणात्य अमेरिकन उच्चार काढू नका, लगेच कळतं. घोगरा गळा असेल तर तो ठेवा, हॉट वॉटर म्युझिक या पंक बँडचा चक रेगन किंवा मेम्फिसच्या ल्युसेरो बँडचा बेन निकल्स ऐका, ओरडून ओरडून खरवडलेला आवाज तसाच आहे, फक्त माइकच्या जवळ येऊन गायलाय. नीको केस व्हँकुव्हरच्या पंक बँडमध्ये ड्रम वाजवायची, तिचा १९९७ चा पहिला कंट्री अल्बम ऐकला तर कळेल की ताल अंगात असलेला माणूस ओळ किती नेमकी टाकतो. जोडीने गाताना वरचा गंधार धरायचा हा नेहमीचा मार्ग, पण एक्समध्ये जॉन डो आणि एक्सीन सर्वेंका यांचे सूर जसे जरा विचित्र अंतरावर लागतात तेही ऐका, ते घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

आता तुमचं स्वतःचं एक पंक गाणं घ्या आणि त्याची कंट्री आवृत्ती करा, निटर्सनी २००५ च्या अल्बममध्ये एक्सची गाणी अशीच परत केलीयत. वेग अर्धा करा, पॉवर कॉर्डच्या जागी पूर्ण कॉर्ड, बेस-स्ट्रम, आणि गाऊन बघा. काही गाणी यात उभीच राहत नाहीत, चाल नव्हतीच, नुसता जोर होता, ती सरळ सोडून द्या. उलटी दिशाही करून बघा, सोशल डिस्टॉर्शनने १९९० मध्ये 'रिंग ऑफ फायर' पंकच्या वेगात वाजवलं आणि ते गाणं जराही मोडलं नाही, आणि त्यांच्या माइक नेसने १९९९ मध्ये दोन सोलो अल्बम काढले त्यातला एक जवळपास पूर्ण जुन्या कंट्री गाण्यांचा आहे. एकदा हळू, एकदा वेगात, दोन्हीकडे टिकलं तर गाणं पक्कं आहे असं समजा.

रेकॉर्डिंग एका खोलीत सगळ्यांनी मिळून करा, चुका थोड्या राहू द्या, पण गिटार प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, डिस्टॉर्शनखाली जे झाकलं जायचं ते इथे उघडं पडतं. शोचं म्हणाल तर रेगनने २००८ मध्ये रिव्हायव्हल टूर सुरू केली ती पद्धत मला फार आवडते, बेन निकल्स, अव्हेल बँडचा टिम बॅरी, सगळे सुरुवातीला एकत्र स्टेजवर, मग एकेकाचा सेट, त्यातही दुसरे येऊन साथ देणार, शेवटी परत सगळे. ओळखीतल्या तीन-चार बँडच्या गायकांना गोळा करून हे कुठल्याही छोट्या जागेत करता येतं, एक माइक, दोन गिटार, जमलं तर एक फिडल. पहिल्या वेळी सहाच गाणी ठेवा, दोन जुनी पारंपरिक, एक तुमचं पंकचं बदललेलं, तीन नवीन, त्यातलं एक वॉल्ट्झ, आणि तुमच्या बँडचे नेहमीचे लोक येणार असतील तर ते बदललेलं गाणं तिसऱ्या नंबरला वाजवा, शब्द त्यांना पाठ असतात आणि ते हळूहळू बरोबर म्हणायला लागतात.