उबुंटूवर ईमॅक्स बसवून त्यात मराठी कसे लिहावे

नाशिकमधील आमच्या अभ्यासवर्गात जुन्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि तेथे मजकूर लिहिण्यासाठी मी ईमॅक्स हा संपादक सुचवतो, कारण देवनागरी लिहिण्याची सोय त्यात मुळातच आहे. संकेतस्थळावरून फाइल उतरवू नये. पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून, घेतलेला संपादक पुढेही प्रणालीबरोबरच अद्ययावत होत राहतो.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून रोमन लिपीत प्रथम ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि नंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ईमॅक्स फॉन्ट्स-नोटो-कोअर’ ही आज्ञा द्यावी. दुसऱ्या पॅकेजमधून देवनागरी अक्षरे मिळतात.

आता खरे काम. ईमॅक्समध्ये ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबून ‘कस्टमाइझ-व्हेरिएबल’ आणि मग ‘डिफॉल्ट-इनपुट-मेथड’ असे लिहावे. उघडलेल्या पानावरील ‘व्हॅल्यू मेन्यू’मधून पर्याय बदलून ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’ (देवनागरीसाठीची एक कळरचना) हे मूल्य रोमन लिपीत भरावे आणि ‘अप्लाय अँड सेव्ह’ दाबावे, म्हणजे ही निवड तुमच्या व्यक्तिगत फाइलमध्ये कायमची नोंदली जाते. यापुढे कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की मराठी सुरू होते, पुन्हा दाबली की बंद.

चाचणीसाठी मी ‘त्र्यंबकेश्वर’ लिहायला सांगतो. त, र आणि य यांचे जोडाक्षर व त्यावरील अनुस्वार नीट जुळले, तर मांडणी ठीक आहे. टर्मिनलच्या आत चालवलेल्या ईमॅक्समध्ये हेच अक्षर अनेकदा तुटलेले दिसते, म्हणून तो स्वतंत्र खिडकीतच उघडावा. लांब ओळी शब्दांवर वळाव्यात यासाठी ‘व्हिज्युअल-लाइन-मोड’ सुरू करावा.