दाजीपूरला जाताय? मोज्यांना साबण चोळा

पाऊस सरता सरता राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात चालायला गेलं की गवे दिसोत न दिसोत, जळवा हमखास भेटतात. गाडीत बसल्यावर मोजा रक्ताने भिजलेला दिसतो, तेव्हा कळतं. यावर दहा-पंधरा रुपयांचा उपाय आहे.

१. पँटच्या आत एक मोजा, त्यावर पँट, आणि पँटवरून दुसरा लांब मोजा गुडघ्याकडे ओढून घ्या. दिसायला ध्यान दिसतं, पण जळवेला आत शिरायला फट उरत नाही.

२. वरच्या मोज्याला आणि बुटाच्या लेसपाशी अंगाचा साबण कोरडाच घासा, पांढरा थर दिसेपर्यंत. ओढा ओलांडला की तो धुऊन जातो, म्हणून वडीचा तुकडा खिशात ठेवा.

३. ओल्या पालापाचोळ्यात उभं राहून गप्पा मारू नका. थांबायचं तर कोरड्या खडकावर. दर पंधरा मिनिटांनी एकमेकांच्या पोटऱ्या बघा.

तरी चिकटलीच तर ओढू नका, मीठ-तंबाखूही नको. कातडीला लागून नख सरकवा, आधी बारीक टोकाकडून, मग जाड टोकाकडून, ती सुटते. जखम धुऊन स्वच्छ रुमाल दाबून धरा. रक्त बराच वेळ झिरपतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ओल्या दिवसांत ही वाट धरूच नये, सरळ उन्हाळ्यात जावं.