पॅकर्स-मूव्हर्स शोधताना ऑनलाइन डिरेक्टरी कशी वाचावी

घर बदलायची तारीख ठरली की बहुतेक जण मोबाइलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ टाकतात, वर दिसणाऱ्या दोन-तीन नंबरांना फोन लावतात आणि सगळ्यांत कमी आकडा सांगणाऱ्याला काम देऊन मोकळे होतात. फसवणारे नेमके याच घाईवर जगतात. ट्रक भरेपर्यंत सगळं गोड असतं. सामान आत गेलं की ‘माल जास्त निघाला’ म्हणून दुप्पट पैसे मागितले जातात. तेव्हा तुमचा सगळा संसार त्यांच्या गाडीत असतो आणि तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

जस्टडायल, सुलेखा किंवा गुगल मॅप्स तुम्हाला नावं गोळा करून देतात. त्या नावामागे खरोखर ऑफिस आणि माणसं आहेत का, हे ताडून पाहण्यापुरती माहितीही बहुतेक वेळा तिथेच असते: पत्ता, फोन नंबर, तारखा, अभिप्राय. डिरेक्टरीचा खरा उपयोग या खुणांसाठी आहे. वरचा-खालचा क्रम मात्र फारसा मनावर घेऊ नका. जस्टडायलवर पैसे भरणाऱ्या व्यावसायिकांना वरची जागा मिळते आणि गुगलवर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली नोंद म्हणजे सरळ जाहिरात.

आधी घरातलं काम

सामानाची यादी करा: कपाटं किती, पलंग खोलावा लागेल का, फ्रीज, वॉशिंग मशिन, एसी काढायचा आहे का, काचेच्या वस्तू किती. दोन्ही घरांचे मजले, लिफ्टची सोय, आणि इमारतीपर्यंत मोठा ट्रक येतो का, हेही लिहा. पुण्याच्या पेठांतल्या अरुंद गल्लीत मोठी गाडी शिरत नाही. मग छोट्या टेम्पोने सामान मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे ऐन वेळी किती भांडणं होतात!

नंबर देण्याची घाई नको

डिरेक्टरीवर ‘बेस्ट प्राइस’ किंवा ‘गेट कोट्स’ दाबून नंबर भरला की तो एकाच वेळी अनेक व्यावसायिकांकडे जातो आणि पुढचे चार दिवस फोन थांबत नाही. त्यापेक्षा नोंदी वाचून पाच-सहा नावं काढा आणि तुम्हीच फोन करा. फॉर्म भरावाच लागला तर दुसरं सिम वापरा.

नोंद कशी तपासायची

पत्त्यापासून सुरुवात करा. मॅपवरची खूण नुसत्या चौकात किंवा मोकळ्या प्लॉटवर पडत असेल तर शंका घ्या. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू (मॅपवरच रस्त्याचे फोटो दाखवणारी सोय) २०२२ मध्ये भारतात आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. तुमच्या भागात ते असेल तर दुकानाची पाटी दिसते का ते पाहा. मग फोन नंबर तसाच गुगलवर शोधा. एकच नंबर तीन वेगवेगळ्या नावांनी तीन शहरांत दिसला, तर तिथे कंपनी नाही, नुसता दलाल बसला आहे. नामांकित कंपनीच्या नावाला एखादा शब्द जोडून केलेल्या नोंदी या धंद्यात ढिगाने आहेत. म्हणून ओळखीचं नाव दिसलं तरी मूळ कंपनीच्या वेबसाइटवर तोच नंबर आहे का ते पाहा.

अभिप्राय: तारे सोडा, तारखा पाहा

या धंद्यातला एक बारकावा फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. सामान उतरवून झालं की सुपरवायझर दारातच म्हणतो, ‘पाच स्टार द्या ना, माझं नाव टाका.’ खोकी अजून बंद असतात. त्यामुळे ‘अमुक सरांनी छान सर्व्हिस दिली’ छापाचे शेकडो अभिप्राय खोटे नसले तरी माणसं नीट वागली एवढंच सांगतात. काचेचं कपाट शाबूत पोचलं का, हे त्यांतून कळत नाही.

म्हणून क्रम ‘नवीन आधी’ असा लावा आणि दोन-तीन तारे देणारे अभिप्राय आधी वाचा. गुगल मॅप्सवर अभिप्रायांत शब्द शोधता येतो. तिथे ‘डॅमेज’, ‘एक्स्ट्रा’, ‘लेट’ हे शब्द इंग्रजी लिपीत टाकून बघा. तक्रारीला मालकाने उत्तर दिलं आहे का आणि त्यात नुकसानीचं काय केलं हे आहे की नुसती अरेरावी, यावरून पुष्कळ समजतं. चार वर्षांत हळूहळू जमलेले चाळीस अभिप्राय दोन महिन्यांत आलेल्या चारशेंपेक्षा जास्त भरवशाचे. संशय आला तर लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्याचे बाकीचे अभिप्राय पाहा. एकाच आठवड्यात पुण्याचे मूव्हर्स, जयपूरचा दंतवैद्य आणि कोचीचं हॉटेल या तिघांनाही पाच तारे देणारा माणूस ग्राहक नाही. खाली सरकत जुने अभिप्रायही पाहा. तिथे मेंदी नाहीतर केस कापल्याचं कौतुक असेल, तर दुसऱ्याच धंद्याची नोंद नाव बदलून वापरात आली आहे.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढलं. पण ते ऐच्छिक आहे, तेव्हा ही चाळणी आपणच लावायची.

जीएसटी नंबर नुसता मागू नका, वाचा

कोटेशन लेखी मागा, त्यावर जीएसटी नंबर हवा. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅनची. पूर्ण पंधरांतलं सहावं अक्षर ‘पी’ असेल तर नोंदणी एका व्यक्तीची, ‘एफ’ असेल तर भागीदारीची, ‘सी’ असेल तर कंपनीची. लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि नंबरात ‘पी’, असं असेल तर तिथेच थांबा. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये नंबर टाकला की कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर कारण विचारा. जुन्या फर्मची तारीख बहुधा १ जुलै २०१७ दिसते, कारण जीएसटी त्याच दिवशी सुरू झाला. त्यात वावगं काही नाही.

प्लंबर, सुतार, गवंडी शोधताना मात्र ही कसोटी लावू नका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणी लागतच नाही. तिथे जवळचा माणूस, त्याच भागातल्या लोकांचे अभिप्राय आणि शेजारच्या सोसायटीत केलेली चौकशी जास्त कामाची.

ठरवताना

तीन जणांकडून घर पाहून किंवा व्हिडिओ कॉलवर सामान दाखवून भाव घ्या. फोनवर ऐकून दिलेला भाव हमखास बदलतो. बाकी दोघांपेक्षा तिसरा निम्म्याने स्वस्त असेल तर तो सोडा, कारण राहिलेले पैसे वाटेत मागितले जातील. कोटेशनमध्ये पॅकिंग, चढ-उतार, मजले, टोल, छोटा टेम्पो आणि पोचवण्याची तारीख हे सगळं लिहून घ्या. विम्याचे पैसे घेत असतील तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचं सर्टिफिकेट मागा. पुष्कळदा ते ‘इन्शुरन्स’ म्हणतात, पण मागे विमा कंपनी कुठलीच नसते.

आगाऊ रक्कम दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि शेवटचा हप्ता सामान उतरल्यावर द्या. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते जीएसटीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. ट्रक निघताना बिल्टी, म्हणजे माल गाडीत भरल्याची पावती, हातात घ्या. तिच्यावर गाडीचा नंबर असतो, तो गाडीवरच्या पाटीशी ताडून पाहा आणि दोन्हींचा फोटो काढा.

बिनसलं तर

सामान अडवून जादा पैसे मागितले तर ११२ वर पोलिसांना बोलवा. कोटेशन आणि बिल्टी तेव्हाच उपयोगी पडतात. नुकसानभरपाई नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे ऑनलाइन उकळले गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे खात्यातच गोठवण्याची शक्यता जास्त.

आणि अभिप्राय दारात लिहू नका. सगळी खोकी उघडून झाल्यावर, आठवड्याने लिहा. कुठून कुठे, किती सामान, ठरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम, काय तुटलं, त्यांनी त्याचं काय केलं, एवढं त्यात असू द्या. नोंदीच्या पत्त्यावर ऑफिसच नसेल तर गुगल मॅप्सवर ‘सजेस्ट अ‍ॅन एडिट’ दाबून ते कळवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचं कुटुंब त्याच नंबरला फोन लावायच्या आधी ती नोंद हटू शकते.