लहान मुलांच्या कुरळ्या केसांचा गुंता न रडवता कसा सोडवायचा
माझी लेक ४ वर्षांची, केस एकदम कुरळे, मानेमागे तर रोज गुंता. पहिलं म्हणजे कुरळे केस कोरडे विंचरू नका, तुटतात. शाम्पू आठवड्यातून १-२ वेळाच आणि तोही टाळूलाच, मग कंडिशनर भरपूर लावायचा आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकापासून सुरू करून हळूहळू वर जायचं, गाठ आली की तिच्या वरची बट मुठीत घट्ट धरायची म्हणजे मुळाशी ओढ बसत नाही, पोर रडत नाही. टॉवेलने खसाखसा पुसू नका हं, जुन्या सुती टीशर्टने दाबून पाणी टिपा. झोपताना सैल वेणी घाला, सकाळी गुंता खरंच कमी होतो.