सन अल्ट्रा ५ वर ओपनबीएसडी: सुरुवात कुठून करावी

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ साली बाजारात आणलेले अल्ट्रा ५ हे वर्कस्टेशन बाहेरून साध्या पीसीसारखे दिसते. त्यातली पीसीआय बस आणि आयडीई डिस्कही पीसीच्याच घरातली आहे. पण प्रोसेसर ६४ बिटी अल्ट्रास्पार्क-टूआय असून बायोसच्या जागी ओपनबूट हे फर्मवेअर आहे. असे यंत्र अडगळीत सापडले, तर त्यावर चालणारी आणि आजही सांभाळली जाणारी संगणकप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) हवी. डेबियन, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या अशा मोफत प्रणाली आहेत. डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून स्पार्कचा, म्हणजे सनच्या या प्रोसेसर-घराण्याचा, अधिकृत आधार बंद केला आणि फ्रीबीएसडीने २०२१ च्या तेराव्या आवृत्तीत स्पार्क६४ (त्याचे ६४ बिटी रूप) वगळले. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी मात्र टिकून आहेत. त्यांपैकी ओपनबीएसडी मी निवडतो, कारण तिथे हा प्रोसेसर शोभेसाठी ठेवलेला नाही. तो बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो, आणि चुकीच्या सीमेवरून डेटा वाचू देत नाही; त्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरवर बिनबोभाट चालून जाणारी प्रोग्राममधली चूक इथे ताबडतोब उघडी पडते.

पहिला सल्ला असा की, सनचा कीबोर्ड शोधण्यात वेळ घालवू नये. त्याचा आठ पिनांचा जोड पीएस/२ सारखा दिसत असला, तरी तो वेगळा आहे. कीबोर्ड न जोडता यंत्र सुरू केले, की ओपनबूट आपला संवाद आपोआप सीरियल पोर्ट ए वर नेते. हा मागच्या बाजूचा पंचवीस पिनांचा पोर्ट होय. नल-मोडेम केबल (पाठवण्या-घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली सीरियल केबल) आणि यूएसबी-सीरियल अडॅप्टर यांच्या साहाय्याने लॅपटॉप त्याला जोडावा, आणि वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी जुळवणी ठेवावी. लॅपटॉपवर सीयू हा प्रोग्राम वापरत असाल, तर नव्या ओळीवर टिल्ड आणि हॅश टंकल्यावर ब्रेक संकेत जातो आणि समोर ओके ही खूण येते. इथून पुढे दिलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत टंकाव्यात.

खरी अडचण बहुधा इथेच भेटते, आणि तिचा ओपनबीएसडीशी काहीही संबंध नसतो. मदरबोर्डवर एम४८टी५९वाय नावाची २८ पायांची चिप खाचेत बसवलेली असते. घड्याळ, फर्मवेअरच्या जुळवण्या, यंत्राची ओळख आणि इथरनेटचा पत्ता हे सारे तिच्यात असते, आणि ते टिकवणारी बॅटरी चिपच्याच प्लॅस्टिकमध्ये बंद असते. इतक्या वर्षांत ती संपलेलीच समजावी. मग सुरू होताना आयडीप्रॉम (चिपमधला यंत्राच्या ओळखीचा भाग) अवैध असल्याचा संदेश येतो आणि नेटवर्क निरुपयोगी ठरते. माझ्या यंत्रावर हा संदेश पाहून मी मदरबोर्डच गेला असे समजलो होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो: बोर्ड सहसा ठीक असतो.

तात्पुरता उपाय ओके खुणेवरच करता येतो. आधी सेट-डिफॉल्ट्स ही आज्ञा द्यावी. मग एमकेपी या शब्दाने एकेक बाइट लिहावा. आधी मूल्य, नंतर जागा, आणि दोन्ही षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत, जिथे नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून येतात. शून्याव्या जागी १, पहिल्या जागी यंत्राचा प्रकार सांगणारे ८०, त्यानंतर पत्त्याचे सहा बाइट येतात. त्यांतले पहिले तीन ८, ० आणि २० हे सनचे ठरलेले आहेत. उरलेले तीन चिपवरच्या लेबलवर वाचता आले तर तेच घ्यावेत, नाहीतर आपल्या नेटवर्कवर दुसऱ्या कुणाचे नसतील असे निवडावेत. आठव्यापासून बी पर्यंतच्या जागांवर शून्ये चालतात, आणि सी, डी, ई या जागांवर पत्त्याचेच शेवटचे तीन बाइट पुन्हा लिहिण्याची रीत आहे. शेवटी एफ या जागी आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सॉर (बिटनिहाय तुलनेने काढलेली पडताळणीची संख्या) लिहावा. तो चुकला तर बाकीचे सगळे वाया जाते. वीज जाताच हे पुसले जाते, म्हणून सगळी आकडेवारी कागदावर लिहून यंत्राच्या आत चिकटवून ठेवावी. कायमचा उपाय म्हणजे चिप बदलणे, किंवा प्लॅस्टिक कोरून बाहेरून नाण्याच्या आकाराची बॅटरी जोडणे. हे दुसरे काम सोल्डरिंगचा हात बसलेल्यानेच करावे.

मेमरी जोडीजोडीने बसवावी लागते आणि ती ५१२ एमबीपर्यंत जाते. जुनी डिस्क आवाज करत असेल, तर १३७ जीबीच्या आतली दुसरी डिस्क किंवा अडॅप्टरवरचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावावे.

सीडी ड्राइव्ह चालत असेल, तर बूट सीडीरॉम इतके पुरते. तो बंद पडला असेल, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावर मिनिरूट प्रतिमा (ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरची छोटी फाइल) डीडी या आज्ञेने उतरवावी, ती परत बसवावी आणि बूट डिस्क ही आज्ञा द्यावी. इन्स्टॉलर संपूर्णपणे मेमरीत चालतो, त्यामुळे त्याच डिस्कवर प्रणाली बसवता येते. बाकीच्या फाइली नेटवर्कवरून घ्याव्यात. मूळ (रूट) विभाजन डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवावे.

पहिल्यांदा सुरू होताना यंत्र अडकल्यासारखे वाटेल. ओपनबीएसडी हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून दर वेळी लायब्ररींची (प्रोग्राम वापरत असलेल्या सामाईक फाइलींची) मांडणी नव्याने जोडते, आणि या प्रोसेसरला ते काम जड जाते. सुरक्षेचा तो एक थर सोडण्याची तयारी असेल, तर आरसीसीटीएल डिसेबल लायब्ररी_एएसएलआर या आज्ञेने ते थांबवता येते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या यंत्रावर मी ते करणार नाही. सिसपॅच या ओपनबीएसडीच्या साधनाने येणारी तयार दुरुस्ती स्पार्क६४ ला मिळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली, की सिसअपग्रेड ही नवी आवृत्ती बसवणारी आज्ञा चालवावी, आणि ते रात्रभर चालेल अशा बेताने वीज व नेटवर्कची सोय आधी पाहून ठेवावी.