पोलिसांची नोटीस आली? आधी कलम वाचा

"साहेबांनी बोलावलंय, जरा ठाण्यात येऊन जा." असा फोन आला की काही जण हातातलं काम टाकून धावतात आणि काही फोनच बंद करून ठेवतात. दोन्ही चुकतात. साक्षीदार म्हणून बोलवायचं असो की संशयित म्हणून, कायद्याने लेखी आदेश किंवा नोटीस लागते. म्हणून फोनवर शांतपणे पाच गोष्टी विचारा: नाव, हुद्दा, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलम. मग म्हणा, "नोटीस पाठवा, मी हजर राहतो." फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत टिपून ठेवा.

नोटीस घेऊन अंमलदार दारात आला तर ती नाकारू नका. नाकारून काही टळत नाही, उलट 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारायला कारण मिळतं. सहीच्या वर 'नोटीस मिळाली' एवढंच लिहा, खाली तारीख आणि वेळ टाका. प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

आता कलम बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि आकडे बदलले. बोलण्यात मात्र अजून जुनेच आकडे येतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा.

कलम 179 (जुनं 160) असेल तर तुम्ही साक्षीदार आहात. त्याच ठाण्याच्या किंवा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच असं बोलावता येतं. महिला, 15 वर्षांखालील मुलगा, 60 वर्षांवरील पुरुष, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. स्वतःहून जायचं असेल तर हरकत नाही. खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे, पण ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल ते देण्याची सक्ती नाही. लोक सर्वाधिक फसतात ते सहीवर. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असं कलम 181 सांगतं. कोऱ्या कागदावर तर कुठल्याही कारणाने सही करू नका, 'फक्त फॉर्मॅलिटी' म्हटलं तरी.

कलम 35(3) (जुनं 41-अ) म्हणजे तुमच्यावर संशय आहे, पण पोलिसांना तूर्त अटक गरजेची वाटत नाही. इथे हजर राहणं हेच तुमचं संरक्षण. नोटिशीप्रमाणे वागत राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेलाच नाहीत तर तेच अटकेचं कारण बनू शकतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात 2014 साली बजावलं. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी साठीपुढचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

दिलेल्या तारखेला जमत नसेल तर कारणासह दोन प्रतींत अर्ज करा, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. एक प्रत आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. 'मी तोंडी सांगितलं होतं' याला कोर्टात फारशी किंमत नसते.

कलम 35(3) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून कुणी 'डिजिटल अटक' करत असेल तर तो भामटा आहे. कायद्यात असा प्रकारच नाही. फोन ठेवा आणि 1930 वर तक्रार करा.

मोर्चा, उपोषण किंवा निवडणुकीच्या तोंडावर कार्यकर्त्यांच्या हाती पडते ती कलम 168 ची (जुनं 149) नोटीस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच दिलेली ताकीद. 'गुन्हा घडल्यास ही नोटीस पुरावा म्हणून वापरू' अशी तिची भाषा असते आणि ती वाचून अनेक जण कार्यक्रमच रद्द करतात. पण ही नोटीस म्हणजे बंदी नव्हे. बंदी घालायला वेगळा आदेश लागतो: कलम 163 (जुनं 144) किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37. तो आदेश मागून घ्या आणि मुदत तपासा. कलम 37(3) ची जमावबंदी सरकारच्या मंजुरीविना 15 दिवसांपुढे चालत नाही, 163 चा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुढे नाही. आदेश नसेल तर नोटिशीला लेखी उत्तर द्या: कार्यक्रम शांततेत होईल, जागा, वेळ, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावं. हे उत्तर पुढे तुमच्याच कामी येतं.

कलम 126 किंवा 129 दिसलं तर ती चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा (126) किंवा चांगल्या वर्तणुकीचा (129) बाँड. 126 मध्ये एक वर्षापर्यंत, 129 मध्ये तीन वर्षांपर्यंत. कटकट नको म्हणून लगेच बाँड लिहून देऊ नका. पोलिसांनी पाठवलेल्या कागदांच्या प्रती मागा आणि वकिलामार्फत म्हणणं मांडा.

अटक झालीच तर कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी मागा. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. त्यावरची वेळ बरोबर आहे का ते पाहूनच सही करा, कारण 24 तासांचं घड्याळ तिथून चालतं. प्रवासाचा वेळ वगळून तेवढ्यात दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. महिलेला सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी, तिन्ही हवीत. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक खूण दाखवा आणि दंडाधिकाऱ्यांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगा. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा, कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.