फरक आहे, पण केवढा? दोन गटांच्या तुलनेत इफेक्ट साइझ कसा काढावा

सोयाबीन सपाट पेरावं की बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, ही चर्चा लातूरकडे मृगाच्या तोंडावर निघतेच. चाचणीचा अहवाल पुष्कळदा "फरक लक्षणीय आहे", म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, एवढंच सांगून थांबतो. शेतकऱ्याला हवं असतं ते केवढा फरक पडला, याचं उत्तर. ते इफेक्ट साइझ देतो.

आधी दोन्ही गटांची सरासरी काढा. उदाहरणापुरतं समजा, सपाट पेरणीत एकरी ७ क्विंटल, बीबीएफवर ८. फरक १ क्विंटल. हा आकडा जपून ठेवा, शेवटी लागेल.

मग उत्पन्न शेतागणिक किती खालीवर होतं ते पाहा, म्हणजेच प्रमाण विचलन. एका गटाचं १.८ आणि दुसऱ्याचं २.२ आलं, तर दोन्हींचे वर्ग करा, त्यांची सरासरी घ्या, वर्गमूळ काढा. साधारण २ येतं. (दोन्ही गटांत शेतकऱ्यांची संख्या सारखी असेल तर एवढं पुरतं.)

आता १ ला २ ने भागा: ०.५. हाच कोहेनचा डी. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा अशी ढोबळ विभागणी दिली, पण ती सरसकट लावू नका असंही बजावलं. उत्पन्नाचं वितरण प्रसामान्य असेल, म्हणजे बहुतेक शेतं सरासरीजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखी कमी होत जाणारी, तर ०.५ म्हणजे बीबीएफवाल्या १०० पैकी सुमारे ६९ जण सपाट पेरणीच्या सरासरीच्या वर. उरलेले ३१ खालीच राहतात, आणि हे शेतकऱ्यांना पेरणीआधी सांगायला हवं.

पी-मूल्यातून, म्हणजे खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेतून, हे दिसत नाही. प्रत्येक गटात २० शेतकरी असले तर ते ०.१२ च्या आसपास येतं, २०० असले तर ०.००१ च्याही खाली जातं. डी मात्र तोच.

आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती जमिनीची. मांजराकाठची भारी काळी जमीन आणि बालाघाटावरचं मुरमाड रान एकाच गटात घातलं, की प्रमाण विचलन ३ वर जाऊ शकतं आणि डी ०.३३ वर घसरतो. बीबीएफने वाढवलेला क्विंटल तेवढाच असतो! म्हणून जमिनीच्या प्रकाराप्रमाणे तुलना वेगवेगळी करा.

शेवटी डीसोबत ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा डी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पल्ला, लिहा. २० च्या गटांत ते उणे ०.१ ते १.१ येतं, म्हणजे फरक शून्यही असू शकतो; एवढ्यावर बीबीएफचं यंत्र भाड्याने घ्यायचा निर्णय होत नाही. २०० च्या गटांत ०.३ ते ०.७, म्हणजे एकरी ०.६ ते १.४ क्विंटल. त्याला बाजारभावाने गुणा आणि यंत्राच्या भाड्याशी ताडून पाहा.